दुसरं पोस्टकार्ड

शेजारच्या अण्णांनी रेडिओ केंद्राला तक्रारीची इतकी पोस्टकार्डं धाडलीत की आमच्या पोस्टमनचा एक खांदा कायमचा उतरलाय. तक्रार एकच: शास्त्रीय गाणं रंगात आलं की मध्येच कापतात आणि जाहिरात लावतात. आज सकाळी मात्र भैरव शेवटपर्यंत झाला. "एका श्रोत्याच्या आग्रहावरून," असं निवेदिका म्हणाली.

मी खिडकीतून ओरडलो, "जिंकलात, अण्णा!"

अण्णा रेडिओवर हात ठेवून बसलेले. "एका श्रोत्याच्या म्हणाली रे. म्हणजे बाकी कुणी लिहीत नाही. ऐकतंय तरी का कुणी?"

तेव्हापासून मला चैन नाही. आभाळाला भोक पाडणारा तो केंद्राचा मनोरा, आणि उभा कुणासाठी, तर एका म्हाताऱ्यासाठी? शेवटी मीही कार्ड आणलं, तंबोरा बेसूर होता अशी धडधडीत थाप लिहिली आणि खाली सही केली: आपला दुसरा श्रोता.