वखारीच्या फळ्यांची पेटी

मी खानापूरकडच्या रानातली. लग्न होऊन निपाणीकडं आले तेव्हा महिनाभर नुसती शिंकत होते. घरात, सोप्यात, माळ्यावर, मागच्या वखारीत, जिकडं बघाल तिकडं तंबाखू. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो. त्या म्हणायच्या, "शिंक बाई, शिंक. हुईल सवय."

माहेरी आप्पा मडक्यात मधमाश्या पाळायचे. आपल्या परसातही एक मोहोळ असावं, एवढी एकच हौस माझी. तीन वर्षं ती मनातच राहिली. मग एका फाल्गुनात, स्वातंत्र्य यायला चार-पाच वर्षं होती तेव्हा, परसातल्या शेवग्याला माश्यांचा घोस येऊन लटकला. सातेरी माश्या, गरीब जात, नव्या घराच्या शोधात निघालेल्या. असा घोस दोन-तीन दिवस थांबतो, मग जातो तो जातोच. मला कुठला धीर! वखारीतल्या जुन्या फळ्या ठोकून ह्यांनी दुपारपर्यंत पेटी केली. मी घोसावर बांबूची बुट्टी उपडी धरली, खालून गोवरीचा जरासा धूर दिला. माश्या शहाण्यासारख्या वर चढल्या. तिन्हीसांजेला त्यांना पेटीत झटकलं आणि झाकण लावलं.

सकाळी बघते तर सगळ्या परत शेवग्यावर!

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. धरल्या, घातल्या, तिसऱ्या सकाळी पुन्हा फांदीवर. आत्ती मिश्री लावत दारात उभ्या. "काय गं, माहेरच्या माश्याबी तुझं ऐकंनात व्हय?"

मला रडूच यायला लागलं. ते बघून त्या पेटीपाशी आल्या, वाकून आत बघितलं. "पेटी तर चांगली हाय की गं. वास न्हाय, काय न्हाय."

मीही नाक घातलं. खरंच, काही वास नव्हता. आणि तिथंच मी चपापले. वखारीच्या फळ्या, वर्षानुवर्षं तंबाखू प्यालेल्या, आणि मला वास नाही? आप्पा तर पान खाल्लेल्या माणसालासुद्धा मडक्याजवळ फिरकू द्यायचे नाहीत. वास होताच हो. माझं नाकच सासरचं झालं होतं!

"आत्ती, तंबाखूचा वास सोसंना त्यास्नी. कोरं मडकं पाहिजे."

घरात कोरं मडकं एकच, उन्हाळ्यासाठी आत्तींनी कुंभाराकडून ठोकून-वाजवून आणलेलं. त्याच आत जाऊन मडकं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "घे. पाणी काय, जुन्यातलंबी गोड लागतंय."

मी डोक्यावरून न्हाले, हात राखेनं घासले. माहेरून आणलेला मेणाचा तुकडा मडक्याला आतून चोळला. आत्तींना म्हटलं, "तुमी जरा लांब हुबं ऱ्हावा. मिश्रीतबी तंबाखूच हाय."

"बघा! माझ्याच घरात मला लांब हुबं करतीया!" असं म्हणत त्या पार गोठ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

संध्याकाळी माश्या मडक्यात घातल्या. मडकं सावलीत आडवं ठेवलं, तोंडावर झाकण बसवून शेणमातीनं लिंपलं, बोटभर वाट तेवढी ठेवली. सकाळी आधी शेवगा बघितला. फांदी मोकळी. मडक्यापाशी जायचं धाडसच होईना. गेल्या असल्या तर? वाटेसमोर उकिडवी बसून राहिले. तेवढ्यात एक माशी आली, पायांना पिवळाधमक पराग लावून, आणि सरळ आत शिरली. मागनं दुसरी.

गोठ्यापासनं हाक आली, "काय गं, नांदत्यात न्हवं?"

"नांदत्यात, आत्ती."