मधला दिवस

गोदाबाई माळीण अकोल्याची. मोर्णा नदीच्या काठाला तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, पुंजारामचा, लहानसा मळा होता. वांगी, मेथी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या ती बाजारात विकायची. एकुलती लेक शकुन बाळापूरला दिली होती.

विलायतेला कापूस पुरेनासा झाला, त्या वर्षांतली ही गोष्ट. काळ्या रानाच्या धन्यांनी ज्वारी सोडून सगळीकडे कापूस लावला. गाडीवानांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. मळेवाल्यांचं मात्र उलटं झालं. खायची ज्वारी महागली आणि मोटेला बैल मिळेनात. पुंजाराम दरवर्षी शेजारच्या किसनरावांचे बैल आणायचा. त्या उन्हाळ्यात किसनराव ओशाळून म्हणाले, "बैल कापसाच्या गाडीले गेले, पुंजाराम. मी तरी काय करू?"

पाण्यावाचून अर्धा मळा वाळला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली तसा पुंजाराम आगगाडीच्या रस्त्यावर माती टाकायच्या कामाला गेला. नवरात्रात कुणीतरी त्याला गाडीत घालून घरी आणून सोडलं. अंगावर मांस राहिलं नव्हतं, डोळे पिवळे पडले होते.

दुपारी त्याला हीव भरलं. घरातल्या तिन्ही गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात. मग ताप चढला आणि तो भलतंसलतं बोलू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो उठून बसला आणि म्हणाला, "शकुनची माय, भाकर आहे का?" गोदाबाईला वाटलं, गेला ताप. तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

ताप एकाआड एक दिवस यायचा. वैद्यानं गुळवेलीचा काढा दिला, त्यानं काही झालं नाही. तापाच्या दिवशी त्याला सोडून जाता येत नसे, म्हणून गोदाबाई बाजार मधल्या दिवशी करू लागली. पहाटे भाजी तोडायची, टोपली डोक्यावर घ्यायची, दिवस कलल्यावर परत यायचं. तोवर तो थकून झोपलेला असे. असे कितीतरी दिवस गेल्यावर तिच्या लक्षात आलं की नवऱ्याचं कण्हणं तेवढं आपल्या वाट्याला येतं. तो शहाण्यासारखा बोलतो, जेवतो, तेव्हा आपण बाजारात असतो.

एका मधल्या दिवशी तिनं टोपली भरली आणि तशीच शेजारच्या पार्वताबाईकडे नेऊन दिली. "तूच इक आज. मी नाई येत."

"काहून? त्याले जास्त झालं का?"

"नाई. बरं वाटून राहिलं त्याले. म्हणूनच नाई येत."

त्या दिवशी तिनं त्याला उन्हात बसवलं, अंगाला तेल लावलं. हिरव्या मिरचीचा ठेचा वाटला. त्यानं अर्धी भाकर खाल्ली. मग काठी टेकत तो मळ्यात गेला. ती विहिरीतून घागरीनं पाणी ओढायची आणि तो वाफ्याच्या तोंडावर बसून हातानं माती सारायचा. चार वाफे झाले. घागर टेकवून ती त्याच्याजवळ बसली. बांधावर बसून तो कामावरच्या गोष्टी सांगत होता, तिकडे मेलेल्या माणसांची नावं सांगत होता. मधेच थांबून म्हणाला, "तू दमली असशीन. पाठ टेक जरा."

ती खरंच बांधावरच आडवी झाली. नवरात्रापासून तिला अशी झोप आली नव्हती. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती आणि तो तिच्या तोंडावरच्या माशा फडक्यानं हाकलत होता.

सांजेला ती राजेश्वराच्या देवळात गेली. नवऱ्याला बरं कर, असं मागायला म्हणूनच ती निघाली होती. पण पिंडीसमोर उभी राहिली आणि मागणं तोंडात आलंच नाही. "देवा, आजचा दिवस देल्ला तू," एवढंच ती म्हणाली, आणि रडू आलं म्हणून लगेच बाहेर पडली. त्यानंतर दर मधल्या दिवशी ती देवळात जाऊन तेवढंच बोलून यायची. एक मधला दिवस बाजाराला आणि एक त्याच्याजवळ असं ती करू लागली, तसा बाजार निम्म्यावर आला. घरात एक वेळची चूल राहिली.

मार्गशीर्षात मधल्या दिवशीही हीव भरलं. मग रोजच. निरोप गेला तशी शकुन आली. पाच दिवस पुंजारामनं कुणाला ओळखलं नाही. सहाव्या दिवशी दुपारी घाम सुटून अंग गार पडलं. त्यानं लेकीकडे पाहिलं, तिचं नाव घेतलं, दोन घोट पाणी प्याला. घटकाभरच तो शुद्धीत होता. गोदाबाईनं बसल्या जागी हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

तेरावा झाल्यावर शकुन सासरी निघाली. जाण्याआधी आई देवळाकडे वळली, तेव्हा लेक पायरीशीच थांबली.

"मी नाई येत आत. काय देल्लं त्यानं आपल्याले?"

गोदाबाईला राग आला नाही. "मलेबी तसंच वाटते कधी कधी," ती म्हणाली. "पण तुहे बाबा पाच महिने उन्हापावसात माती टाकत होते. तिथंच गेले असते तर? ते घरी आले, मह्याशी बोलले, तुह्या हातचं पाणी प्याले. मले तेवढं तरी भेटलं. इतरायले तेबी नाई भेटलं."

गोदाबाई एकटीच आत गेली. बाहेर आली तेव्हा लेक पायरीवर बसून पदरात तोंड खुपसून रडत होती. गोदाबाई तिच्याशेजारी बसली. बाळापूरची गाडी नाक्यावर खोळंबली होती आणि गाडीवान दोनदा हाक मारून गेला, पण त्या दोघी बराच वेळ तिथून उठल्या नाहीत.