वसुधाचा तंबोरा आणि तिसऱ्या मजल्यावरची घरघर

श्रीरंग केतकरला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे लग्न ठरतानाच दोन्ही घरांना सांगून झालं होतं. वसुधा गाणारी. "दोघांपैकी एकाला कळलं तरी संसार होतो," असं म्हणून सासऱ्यांनी विषय मिटवला आणि मुलीबरोबर मिरजेचा तंबोरा दिला. त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तो तंबोरा खिडकीपासून लांब आणि हीटरपासून त्याहून लांब, घरातल्या वडीलधाऱ्यासारखा कोपरा धरून असतो.

श्रीरंगचं पोट कंपनांवर चालतं. गाड्यांचे सुटे भाग थरथरत्या टेबलावर बांधायचे आणि कुठला भाग कधी खुळखुळायला लागतो ते मोजायचं, ही त्याची नोकरी. दिवसभर थरथर ऐकून आलेल्या माणसाला घरी शांतता हवी असते, असं तो म्हणायचा. त्यात थोडं खरं होतं, बाकी आळस.

तीन वर्षांपूर्वी वसुधा चार महिने सांगलीला माहेरी गेली होती. "रोज अर्धा तास नुसत्या तारा छेड," एवढंच तिने सांगितलं होतं. वाद्य वाजतं राहिलं की लाकूड, भोपळा, तारा सगळं एकमेकांना सरावतं आणि नाद खुलतो; पडून राहिलं की आवाज बसतो, असं तिच्या गुरुजींचं म्हणणं. श्रीरंगने हो हो म्हटलं आणि आठवड्यात विसरला. ती परत आली तेव्हा तंबोरा पाटावर टिचकी मारल्यासारखा बोलत होता. वसुधा भांडली नाही. तंबोऱ्याला डोकं टेकून रडली. भांडली असती तर परवडलं असतं, असं श्रीरंगला आजही वाटतं. तो आवाज परत यायला वर्ष गेलं.

गेल्या ऑक्टोबरात आईच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं आणि वसुधा पुन्हा पाच महिन्यांसाठी सांगलीला निघाली. परतल्यावर गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात तिला गायचं होतं, त्याच तंबोऱ्यावर. पण या खेपेला तिने तारांबद्दल चकार शब्द काढला नाही. ते न सांगणंच श्रीरंगला फार लागलं.

मग त्याने कंबर कसली. वाद्य कंपनांनी सुधारतं का यावरचे शोधनिबंध वाचले. निम्मे हो म्हणत होते, निम्मे नाही. हो म्हणणारे त्याने छापून घेतले. काडेपेटीएवढी एक कंपन देणारी डबी केली, ती तारांखालच्या घोडीजवळ मऊ कापडावर बसवली आणि टायमर लावला. सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. अर्धा तास कशाला, चांगले आठ तास! तो स्वतः साडेआठला कामावर निघायचा, त्यामुळे ऐकायची कटकटही नाही. इंजिनियरला याहून मोठं सुख काय?

पंधरा दिवसांनी जिन्यात सूचना लागली: दुपारच्या विश्रांतीच्या वेळेत इमारतीत घरघर ऐकू येते. इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरने तळघरातला हीटिंगचा पंप दोनदा उघडला. घरघर तशीच. तेव्हा श्रीरंगची छाती फुगली. "हे तर माझंच काम! मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकतो आणि शोधून देतो," त्याने सांगून टाकलं.

मंगळवारी दुपारी कामावरून मोजायचं यंत्र घेऊन तो थेट तळघरात उतरला आणि तिथून निघाला. मागे हाउसमाइस्टर, त्यामागे दुसऱ्या मजल्यावरच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या फ्राऊ आयग्नर. पंपापाशी आकडा लहान. पहिल्या मजल्यावर वाढला. दुसऱ्यावर आणखी. श्रीरंग प्रत्येक पायरीवर व्याख्यान देत होता. तिसऱ्या मजल्यावर आकडा सगळ्यात मोठा झाला आणि समोर दारावर पाटी होती: केतकर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. व्याख्यान तिथेच संपलं.

दार उघडावं लागलं. हाउसमाइस्टर हसत खाली गेला, पण फ्राऊ आयग्नर आत आल्या. त्यांनी आयुष्यभर त्सिथर वाजवलं होतं, मांडीवर किंवा टेबलावर ठेवून छेडायचं तिकडचं तंतुवाद्य. तंबोऱ्यावरची डबी त्यांनी बराच वेळ पाहिली.

"हेर केतकर, हे वाजवणं नाही. हा मसाज आहे."

श्रीरंगने मग सगळं सांगितलं. डोकं टेकून रडलेली वसुधाही सांगितली. "मला येत नाही हो. कानच नाहीत."

"चार तारा, एक हात. गाडी चालवता ना? आल्झो, ठरलं तर, रोज संध्याकाळी साडेसहा ते सात. आणि आधी सुरात लावायचं. बेसूर वाजवलं तर वाद्य बेसूरच शिकतं, असं माझे वडील म्हणायचे."

डबी तळघरात गेली. हीटिंगच्या कोरड्या हवेत तारा रोज उतरायच्या. श्रीरंग मोबाईलवर सूर बघत खुंट्या पिळायचा, बारीक सुरासाठी तारेवरचे मणी सरकवायचा, घामाघूम व्हायचा. सहा एकतीसपर्यंत तार वाजली नाही की खालून फ्राऊ आयग्नरांच्या झाडूचा दांडा छताला ठोकला जायचा. सूर नीट लागला नाही तर दोनदा. जर्मनीत शिस्त लागते म्हणतात ती अशी, डोक्यावरून नाही तर पायाखालून.

मार्चमध्ये वसुधा आली. बॅगा ठेवल्या, चहा घेतला, आईच्या काठीचे किस्से सांगितले. कोपऱ्याकडे मात्र बघेना. श्रीरंग कप गोळा करून स्वयंपाकघरात गेला. शेवटी तिने गवसणी काढली, तारा जुळवल्या आणि छेडल्या.

खोली भरली. वसुधाने डोळे मिटले, पुन्हा छेडलं, पुन्हा. तिचा चेहरा सैल होत गेला.

स्वयंपाकघरात कप विसळत असलेला श्रीरंग सहज म्हणाला, "पंचम जरा उतरलाय गं."

तिचा हात थांबला. तिने पंचमाची पहिली तार एकटीच वाजवून पाहिली. खरंच, केसभर उतरला होता. प्रवासाने तिचेच कान दमले होते. तिने मणी सरकवला.

"आता?"

"आता लागला."

वसुधाने तंबोऱ्याला डोकं टेकलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"याचा आवाज खुलला ते कळलं रे," ती म्हणाली, "पण तुझे कान कुणी उघडले?"

श्रीरंगने ओल्या हाताने जमिनीकडे बोट दाखवलं.