पितराच्या ताटावर

चाळिशी ओलांडली की मेटाबॉलिझम मंदावतं, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात चरफडलो. मंदावतं तर मंदावतं, पण माझंच काहून? बायको माझ्याच वयाची, माझ्याच घरचं खाते आणि आहे तशीच काडी. माझं वजन एक्याण्णव किलो. ऑफिसचा एक जिना चढलो की बाकावर बसावं लागायचं. मग मला चुलत दादाची यादी आठवली.

दादा अकोल्याला मास्तर होता, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. पन्नाशीला आला आणि असा सपाटून बारीक झाला, की लग्नकार्यात लोक नवरदेवाला सोडून त्यालाच पाहायचे. मीच मागे लागलो होतो, "सांग ना गा दादा, काय केलं?" त्यानं हसत सांगितलं होतं: रात्रीचं जेवण सातला, ज्वारीची भाकर, साखर बंद आणि पहाटे तासभर चालणं. वर्षाच्या आत तो गेला. पोटात काहीतरी होतं, कळलं तेव्हा हाताबाहेर गेलेलं. चालून कमावलं ते दुखण्यानं नेलं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

तर ती यादी मी दिवाळीनंतर इमानदारीनं पाळली. अमरावतीच्या थंडीत कानाला मफलर बांधून छत्री तलावाच्या रस्त्यानं चाललो. पाच महिन्यांत तीन किलो! फक्त तीन! वैशाखात ऊन भाजायला लागलं तसा मी वैतागून सगळं सोडलं. गेलं उडत, म्हटलं. सांबारवडी खाल्ली, गिला वडा खाल्ला, रात्री दहाला जेवलो.

आणि वजन उतरायला लागलं.

आधी वाटलं, काटा बिघडला. मेडिकलच्या दुकानातल्या काट्यानंही तेच सांगितलं. आषाढात ऐंशी, श्रावणात सत्त्याहत्तर. भूक मात्र अशी, की जेवून हात धुतो न धुतो तोच पुन्हा डबे उघडायचो. दुपारी पडलो की उशीत कुणीतरी धावल्यासारखं धडधड ऐकू यायचं. उठून बसलो की थांबायचं नाही. पंख्याखालीही अंग आतून पेटलेलं. चहाची बशी हातात थरथरायची. दाढी करताना आरशात गालाची हाडं दिसायची. ती माझ्या चेहऱ्यात कधी नव्हती.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. पण ऑफिसात लोक पाठ थोपटायचे हो! हेडक्लार्क बाईंनी कागद-पेन घेऊन विचारलं, सर, काय करता? आणि मी, बेशरमासारखा, त्यांना दादाची यादी लिहून दिली. वर म्हटलं, "पहाटेचं चालणं सोडायचं नाही." बायकोलाही खोटंच सांगत होतो. पहाटे बूट घालून निघायचो, कोपऱ्यावर चहा आणि पोहे हाणून परत यायचो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्याकडे बघून छान म्हणत होतं. ते मला सोडवत नव्हतं.

भादव्यात वहिनीचा फोन आला. दादा गेल्यापासून पितृपक्षात त्याच्या नावानं मीच बसतो. आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी एका जित्या माणसाला पितर म्हणून जेवू घालतात. त्याचे पाय धुतात, गंध लावतात आणि त्यानं खाल्लेलं गेलेल्याला पोचतं असं मानतात. मी हे कधी मनावर घेतलं नव्हतं. त्या सकाळी अकोल्याच्या एसटीत मूर्तिजापूर मागे पडलं आणि डोक्यात आलं, चार महिने मी दोन माणसांचं खातोय, अंगाला लागत नाही. मग ते पोचतंय कुणाला? भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

वहिनीनं दार उघडलं आणि ती तशीच उभी राहिली. या म्हणायलाही विसरली. मग पाण्याचा तांब्या आणला, पाय धुतले. माझ्या घोट्यावर तिचा हात थांबला.

ताटात कढी, उडदाचे वडे, खीर. मी तुटून पडलो. वहिनी वाढत होती, मी संपवत होतो. किती वडे झाले, मलाच शरम वाटली. वर भिंतीवर हार घातलेला दादाचा फोटो, शेवटच्या वर्षातला. मी तिकडे पाहायचं टाळत होतो.

"तेबी असेच खात होते," वहिनी एकदम म्हणाली. "शेवटी शेवटी."

मी हसण्यावारी न्यायला गेलो. "अवो, दादाचीच तर पद्धत धरली. तासभर चालतो रोज."

तिच्या हातातली पळी कढीतच राहिली. "चालत होते? कोण? ते तं चौकातल्या बाकड्यावर बसून राहत होते. तासभर. मंग घरी येत होते."

बाहेर कावळा ओरडत होता.

"भाऊजी, खरं सांगा. तुमी चालता?"

"नाही," मी म्हटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. "वैशाखापासून एक पाऊल नाही. आपोआप उतरून राहिलं वहिनी. मले लय भेव वाटते."

पितराला भरल्या ताटावरून उठवणं म्हणजे आमच्यात घोर अपशकुन. वहिनीनं माझ्यासमोरचं ताट ओढून घेतलं. "उठा," ती ओरडली. "उठा म्हणते ना!" तशाच उष्ट्या हातानं, कपाळावर गंध घेऊन मी उठलो. तिनं घराला कुलूप लावलं, ऑटो थांबवला आणि मला रक्त तपासायला नेलं.

थायरॉइड होतं. भलतंच वाढलेलं, पण गोळ्यांनी आटोक्यात येणारं. डॉक्टर म्हणाले, आणखी काही महिने असेच काढले असते तर हृदयानं दगा दिला असता. मी अमरावतीहून वहिनीला फोन केला, सगळं सांगितलं, म्हटलं, वाचवलंत तुम्ही मला.

पलीकडे ती रडायला लागली.

"मले मालूम होतं भाऊजी," ती म्हणाली. "ते बाकड्यावर बसतात, हे मले रोज मालूम होतं. लोकं चांगलं म्हणून राहिले, तं मी चूप बसली. त्यायले मी उठवलं नाई."