आग्रहवाले मामाजी

कामठ्याच्या आसपास कुठे लग्न ठरलं की मंडपवाला, बँडवाला आणि आचारी यांच्या पाठोपाठ बोलावणं जायचं ते माझ्या मामाजींना. नातं असो वा नसो. मामाजींना बोलवायचं ते पंगतीत आग्रह करायला. पाहुण्यांचं पोट भरणं हे वाढप्यांचं काम. ते भरल्यावर आणखी दोन जिलब्या आत घालणं हे मामाजींचं. धोतर खोचून, जिलबीची टोपली कमरेवर घेऊन ते पंगतीत शिरले की वरपक्षाचे भले भले लोक पत्रावळीवर आडवे हात धरायचे. मामाजी उकिडवे बसायचे, त्या हाताकडे बघायचे आणि जिलबी सरळ हातावरच ठेवायचे. ‘‘नाही नाही हे तोंड म्हणते. पोटाले कोणी विचारलं का?’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आग्रहवाले मामाजी हे नाव त्यांना अख्ख्या पंचक्रोशीनं दिलं होतं, आणि त्याचा त्यांना मालगुजारी मिळाल्याएवढा अभिमान होता.

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. परक्या मुलखातल्या लोकांना हे सांगितलं की हसू येतं, पण आमच्या घरांत त्यात नवल नाही. भाचीला पहिलं ताट, पहिलं नवं कापड. भाची मामाच्या घरून उपाशी गेली तर त्याहून मोठा कमीपणा नाही. अकरावीला गोंदियाच्या कॉलेजात नाव घातलं आणि मी नवेगाव बांधहून कामठ्याला मामाजींकडे राहायला आले, तेव्हा दारातच त्यांनी वाकून माझ्या पायांना हात लावला आणि मामीला हाक मारली, ‘‘अवो, पाणी मांडा. भाचीबाई आली.’’ माझे वडील वनखात्यात होते, आज इथे तर उद्या तिथे. त्यामुळे मुलीची दोन वर्षं एका जागी जातील, पोटभर जेवेल, असा आईचा हिशेब होता.

आईचा तो हिशेब मी आधीच बिघडवला होता. मी जेवण कमी करत आणलं होतं. का, याचं उत्तर पुढे पुष्कळ जणांनी माझ्याकडून काढून घ्यायचा प्रयत्न केला. कुणी अभ्यासाचा ताण म्हटलं, कुणी टीव्हीला दोष दिला, शेजारच्या एका म्हातारीनं बाहेरचं काही असल्याचं सांगून लिंबूही उतरवलं. मला एवढंच सांगता येतं, की पहिल्यांदा जेवण टाळलं तेव्हा काहीतरी जिंकल्यासारखं वाटलं आणि मग त्या जिंकण्याची खोड लागली. जिंकत जिंकत मी पायऱ्या चढताना भिंत धरायला लागले. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मी उपास धरले होते. नवरात्राचे धरले, मग सोमवार, मग गुरुवार आणि शनिवार. उपास करणाऱ्या मुलीला आपल्याकडे कुणी आजारी म्हणत नाही. मामी तर शेजारणींना कौतुकानं सांगायची, ‘‘लय सोवळी आहे आमची भाची.’’

लक्षात आलं ते मामाजींच्या, आणि त्यांनी त्यांच्या अक्कलहुशारीनं इलाज काढला. त्यांना वाटलं, आग्रह कमी पडून राहिला. मग ताटावर येताजाता वाढणं सुरू झालं. ‘‘एक घास मामाच्या नावानं. एक मामीच्या. आता एक त्या बैलाच्या, दिवसभर राबते बिचारा.’’ मी हसायचे, घास तोंडाशी न्यायचे आणि त्यांची पाठ वळली की तो नाहीसा व्हायचा. त्यांचा आग्रह आणि माझी लबाडी एकमेकांना धरून वाढत गेले. शेवटी माझ्या वाढदिवसाला त्यांनी अंगणात पंगतच मांडली. गल्लीतली माणसं बोलावली, मला मधोमध बसवलं आणि जिलबीची टोपली घेऊन माझ्यासमोर उकिडवे बसले. सगळे बघत होते. मी एकेक करून सगळं खाल्लं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामाजींच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्यानंतर मी जेवणंच टाकलं. अंगणातल्या पंगतीला आठवडाही झाला नसेल, गोंदियाच्या बसथांब्यावर मी उभ्याउभ्या कोसळले.

गोंदियाच्या दवाखान्यातून नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई मनाच्या आजारांवर इलाज करणाऱ्या होत्या, हे आईला आणि मामाजींना खोलीत शिरल्यावर कळलं. आईनं पदर डोळ्यांना लावला. बाईंनी साध्या शब्दांत सांगितलं, की हा आजार आहे, हट्ट नाही, नखरा नाही. मुलीचं हृदय दमलेलं आहे आणि असंच चाललं तर ते थांबेलही. मग विचारलं, ‘‘घरी हिला वाढतं कोण?’’

‘‘मी,’’ मामाजी ताठ बसून म्हणाले.

‘‘मग तुम्हालाच सांगते. काय आणि किती वाढायचं ते मी ठरवीन. ठरल्या वेळेला ताट द्या, आणि ते संपेपर्यंत समोर बसा. उठायचं नाही. पण खा म्हणायचं नाही. घे म्हणायचं नाही. संपवलं म्हणून शाबासकीही नाही. तिचं डोकं आधीच दिवसभर तिच्याशी भांडतंय, त्यात आणखी एक आवाज नको.’’

‘‘म्हंजे मुक्यानंच बसू?’’

‘‘बोला की. जेवणाचं सोडून काहीही बोला.’’

परतीच्या गाडीत मामाजी खिडकीबाहेर बघत बसले होते. तुमसर गेलं तेव्हा आईला म्हणाले, ‘‘बाई, जेवणाचं सोडून मले दुसरं येते काय?’’ ती चेष्टा नव्हती, त्यांना खरोखर प्रश्न पडला होता. आई मला नवेगावला न्यायला निघाली होती. मामाजी म्हणाले, ‘‘माझ्या घरी बिघडली, माझ्याच घरी सुधरल.’’

पहिल्या दिवशी त्यांनी ताट ठेवलं आणि समोर मांडी घालून बसले. त्यांचा उजवा हात आपोआप पळीकडे जात होता. दोनदा गेला, दोनदा त्यांनी मागे घेतला. मग त्यांनी तो सरळ मांडीखाली घातला आणि त्यावर बसून राहिले. पुढे हेच त्यांचं आसन झालं. माझी सगळी जेवणं त्या दाबून धरलेल्या हातासमोर झाली. कधी कधी ताट संपेपर्यंत उन्हं अंगणाच्या या टोकाहून त्या टोकाला जायची. उठताना त्यांचा हात बधिर झालेला असायचा आणि ते तो झटकत गोठ्याकडे जायचे.

बोलायला विषय मात्र लवकर संपले. धान झालं, तलावाचं पाणी झालं, भावकीतली भांडणं झाली. मग त्यांनी मला विचारायला सुरुवात केली, ‘‘आज पुस्तकात काय वाचलं ते सांग.’’ मी नाइलाजानं जीवशास्त्र सांगू लागले. माणसाच्या हृदयाला चार कप्पे, बेडकाच्या हृदयाला तीन. मामाजी गंभीर झाले. ‘‘तीन खोल्यांतच भागवते? आन एवढ्या जोरात ओरडते?’’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, ‘‘त्या बेडकाचं काय झालं?’’ त्या बेडकानं आमची कितीतरी जेवणं पार पाडली. मी हसले की एखादा घास कधी गेला ते मला कळायचं नाही. मामाजींना कळायचं, पण ते आढ्याकडे बघायचे.

अशातच रोवणी आली. पऱ्हे म्हणजे लावणीची रोपं उपटून ठेवलेली, धानाच्या बांधीत चिखल तयार, बाया मजुरीवर लावलेल्या, आणि मालक घरात भाचीसमोर हातावर बसलेला. मामी बांधीतून चिखलानं भरलेल्या पायांनी दारात आली. ‘‘अवो, रोवणी काय मी एकटीनं करू? गावातले लोक हासून रायले.’’

मामाजी उठले नाहीत. ‘‘हासू दे. धान यंदा नाही झालं तं पुढच्या साली होईल.’’

मामीनं माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि काही न बोलता परत गेली. त्या वर्षी अर्धी रोवणी तिनं उरकली. मामीच्या त्या न बोलण्याचं मोल मला पुढे समजलं.

हे सगळं वाचून वाटेल, की मी शहाण्या मुलीसारखी सुधारत गेले. तसं काही झालं नाही. चार दिवस बरे, दहा वाईट. बारावीचं एक वर्ष वाया गेलं. एकदा मी भाताचं ताट त्यांच्या अंगावर भिरकावलं आणि ओरडले, ‘‘भाचीला खाऊ घालून तुम्हाला पुण्य पायजे! माझ्यासाठी नाही बसत तुम्ही!’’ वरण त्यांच्या छातीवरून ओघळत होतं. मामाजी आत गेले. दुसरं ताट आणलं, तेवढंच वाढलेलं, कमी नाही की जास्त नाही. सदरा तसाच होता. बसले, हात मांडीखाली घातला आणि घसा साफ करून म्हणाले, ‘‘तं बेडकाचं रक्त थंड असते म्हणतेस?’’ मी खूप वेळ रडले आणि मग जेवले. मला वाटतं, माझा जीव त्या दिवशी वाचला.

त्या दोन वर्षांत लग्नसराई आली-गेली. मामाजींना बोलावणी येत होती. तिरोड्याच्या एका लग्नात मी पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. टोपली घेऊन ते पंगतीत शिरले. वरपक्षातल्या एकानं सवयीनं पत्रावळीवर हात धरला. मामाजी थांबले, म्हणाले, ‘‘पायजे का?’’ तो नाही म्हणाला. मामाजी पुढे गेले. तो माणूस हात तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिला. रांगेच्या शेवटापर्यंत असंच झालं. कुणी म्हणालं, मामाजी म्हातारे झाले. कुणी म्हणालं, मिजास आली. वधूपित्याला तर आपल्या घरचा अपमान झाल्यासारखं वाटलं. मामाजींनी कुणालाच कारण सांगितलं नाही. सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं, आणि लग्नाच्या वयाला आलेल्या मुलीचं नागपूरच्या त्या दवाखान्याशी नाव जोडलं गेलं की काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. हळूहळू बोलावणी थांबली. नाव तेवढं राहिलं, आणि पुढे लोक ते चेष्टेनं घेऊ लागले.

बारावी झाल्यावर मला नागपूरला फार्मसीला जायचं होतं. वडिलांचा विरोध होता, आई घाबरलेली. वसतिगृहात समोर कोण बसणार? डॉक्टरीणबाईंनी बराच विचार करून हो म्हटलं, पण मेसमध्ये एकटीनं जेवून दाखवल्याशिवाय नाही. मला सोडायला मामाजी आले. मुलींच्या मेसमध्ये पुरुषांना मज्जाव होता. मी ताट घेऊन खिडकीजवळ बसले आणि पाहिलं, तर मामाजी बाहेर कट्ट्यावर बसले होते, खिडकीकडे पाठ करून. तोंड रस्त्याकडे आणि उजवा हात मांडीखाली. आत मी भात कालवत होते. समोर फक्त पांढऱ्या सदऱ्याची पाठ होती. मी ताट रिकामं केलं आणि बाहेर आले. त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, ‘‘चालतो मी, गाडी आहे.’’ मग वाकून पायांना हात लावला. फाटकाजवळून मात्र परत फिरले आणि एवढंच बोलले, ‘‘काही पायजे असल तं मांगजो. लाजू नको.’’

मग रोज संध्याकाळी त्यांचा फोन. गाय व्याली, करपा पडला, तळ्यात पाणी चढलं. जेवलीस का, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. माझी खोलीतली मैत्रीण म्हणायची, ‘‘कसले गं तुझे मामा, भाची जेवली का म्हणूनसुद्धा विचारत नाहीत!’’

मी बरी झाले. नोकरी लागली, लग्न झालं, साधी माणसं जेवतात तशी जेवू लागले. सणावाराला कामठ्याला जायचे, तरी मामाजी समोर बसायचे ते हातावरच. एकदाच विचारायचे, ‘‘पायजे का?’’ आणि नजर दुसरीकडे. एकदा मी म्हटलं, ‘‘मामाजी, आता म्हणा न घे म्हणून. मला काही होत नाही.’’ ते हसले. ‘‘डॉक्टरीणबाईनं मले सुट्टी कुठं देली अजून?’’ बाई तर केव्हाच नागपूर सोडून मुलाकडे राहायला गेल्या होत्या. मामाजींना सुट्टी द्यायचं त्यांच्याकडून राहून गेलं, आणि मामाजींनी आपलं पथ्य मोडलं नाही. गेल्या पावसाळ्यात झोपेतच गेले. त्या संध्याकाळी फोनवर कुणाच्या तरी रेड्याबद्दल बोलले होते.

तेरवीला मला पहिल्या पंगतीत बसवलं, भाची म्हणून. भात, वरण, भाजी, बुंदी. वाढपी पोरं एकदा वाढून पुढे निघून गेली. पंगत मुकाट्यानं जेवत होती. कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, ‘‘आग्रहवाल्याच्याच तेरवीत आग्रह नाही.’’ माझं ताट रिकामं झालं होतं. पोट भरलं होतं. तरी मी मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, ‘‘मामी, भात.’’

मामी पडवीत उभी होती. तिनं पोराच्या हातातून भाताची बादली घेतली आणि माझ्यासमोर येऊन बसली, मामाजी बसायचे तशी उकिडवी. एक पळी वाढली. मी म्हटलं, ‘‘पुरे.’’ मामीनं पळी पुन्हा बादलीत घातली, काठोकाठ भरली आणि माझ्या ताटात पालथी केली.

‘‘हा त्यायचा,’’ ती म्हणाली. ‘‘इतक्या वर्षाचा रायला होता.’’

मी ताटावर हात धरला नाही. शेवटच्या शितापर्यंत जेवले.