मुठीतून ओढलेली सिगरेट

लिहायचा मला फारसा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी मराठी घरातली आहे. शाळा, बाजार, कॉलेज सगळं हिंदीत झालं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं तपासून द्यायलाही कुणी नाही. चुकेल ते माफ करावं. मी स्वतः मात्र एका माणसाला माफ केलेलं नाही, आणि हे लिहिणं त्याच्यापायीच आहे.

बाबा सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयात शिपाई होते. त्यांच्या साहेबांच्या पत्नीला सिगरेटचा भारी राग. खिशात पाकीट किंवा काडीपेटी सापडली की घरी भांडण ठरलेलं. म्हणून साहेब जवळ काहीच ठेवत नसत. घंटी वाजली की बाबांनी जिना उतरून रस्त्यावरच्या पानटपरीवर जायचं, एक सुटी सिगरेट घ्यायची, टपरीला लटकणाऱ्या जळत्या सुतळीवर ती पेटवायची आणि पेटलेलीच वर आणून द्यायची. जिना उंच, दोन्हीकडून वारा. वाटेत विझली तर शिव्या. ती जिवंत ठेवायची तर मध्ये मध्ये ओढावी लागे. पण आमच्या वस्तीतल्या माणसाची उष्टी सिगरेट साहेब कशी ओढतील? त्यांचा हुकूम होता, "मुट्ठी से खींच, जूठी मत करना."

बोटांच्या बेचक्यात सिगरेट धरायची, मूठ वळायची आणि अंगठ्याजवळच्या फटीला तोंड लावून धूर ओढायचा. सिगरेटला ओठ लागत नाहीत. धूर मात्र अगदी आत जातो. बाबांनी त्याआधी तंबाखूला हातही लावला नव्हता. पुढे सुट्टीच्या दिवशीही मूठ आपोआप वळायला लागली, तेव्हा त्यांनी स्वतःसाठी पहिली सिगरेट विकत घेतली.

मला हे दवाखान्यात कळलं. तोवर बाबा आडवे झोपू शकत नव्हते. भिंतीला टेकून बसून झोपायचे. डॉक्टरांनी विचारलं, "कब से पी रहे हो?" बाबा म्हणाले, "नौकरी लगी तब से." जणू ते कामाचाच एक भाग होतं. नंतर मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा सगळं निघालं.

त्याच वर्षी कॉलेजातल्या आमच्या गटाने एक मागणी हाती घेतली. सिगरेटवरचा कर वाढवा आणि तो पैसा लोकांना या व्यसनापासून वाचवण्यावरच खर्च करा. बाकीची मुलं समाजासाठी धडपडत होती. मला फक्त साहेब दिसत होते. त्यांच्या प्रत्येक झुरक्याला चटका बसावा, एवढंच माझ्या मनात होतं.

बडा फुहाऱ्याच्या बाजारात आम्ही लोकांचं मत विचारत फिरायचो. मला वाटलं होतं, ओढणारे अंगावर येतील. एक माणूस सिगरेट ओढतच म्हणाला, "बढ़ा दो भैया. डॉक्टर से नहीं छूटी, घरवाली से नहीं छूटी, सरकार से ही छूट जाए."

त्याचा मित्र म्हणाला, "तू तो मुझसे माँगके पीता है. तेरा क्या बढ़ेगा?"

शेवटी सभा ठरली. गटाची प्रमुख दीदी म्हणाली, अध्यक्ष म्हणून एक निवृत्त अधिकारी यायला तयार आहेत. नाव ऐकलं. तेच साहेब. दीदीने हेही सांगितलं, की त्यांनी सिगरेट कधीच सोडली आहे. म्हणजे कर कितीही वाढला तरी त्यांना काही होणार नव्हतं. चटका बसणार होता तो बाबांना.

घरी येऊन मी म्हटलं, "बाबा, सभेला चला."

"काहून? मी तिथं काय करू?"

"तुमचे साहेब येऊन राहिले."

बाबांनी अंगातल्या शर्टाकडे पाहिलं. मग आईला म्हणाले, "इस्त्रीचा शर्ट काढजो."

"त्या मेल्यासाठी इस्त्री?" आई म्हणाली. पण शर्ट काढला.

सभागृहात बाबा शेवटच्या रांगेत दाराशी बसले, हवेसाठी. साहेबांनी भाषण छान केलं. "टैक्स बढ़ना ही चाहिए. महँगी होगी तो ये चपरासी-मज़दूर तबका पीना छोड़ेगा. पढ़ा-लिखा आदमी तो समझाने से समझ जाता है." टाळ्या पडल्या.

मी उभा राहिलो. म्हटलं, ठरावात एक वाक्य जोडा. या पैशातून पहिलं काम सरकारी दफ्तरांत व्हावं, आणि कोणत्याही अफसराने आपल्या शिपायाकडून सिगरेट मागवू नये.

साहेब हसले. "बेटा, ऐसा होता कहाँ है? हमने तो पूरी नौकरी में नहीं देखा."

मी मागे वळून पाहिलं. बाबा खुर्चीला धरून उभे राहिले होते. बोलायला श्वास नव्हता. त्यांनी उजवा हात वर केला, मूठ वळली, फटीला तोंड लावलं आणि रिकामी मूठ ओढली. लगेच खोकल्याची उबळ आली. खोकला थांबल्यावर त्यांनी पुन्हा तसंच करून दाखवलं.

मधल्या रांगेतून कुणीतरी हसलं. बाबांच्याच कार्यालयातला, अजून नोकरीत असलेला एक शिपाई उठला आणि त्यानेही मूठ तोंडाला लावली. "हम भी सुलगा के लाते थे," तो म्हणाला.

"और बुझ जाए तो गाली अलग," आणखी कुणी बोललं.

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. दीदीने ते वाक्य ठरावात जोडून विचारलं, "जो पक्ष में हैं, हाथ उठाएँ." सगळे हात वर गेले. अध्यक्षांचा हात सर्वांत शेवटी उठला. मी तो नीट पाहून घेतला. सूड उगवला की मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही. मला आणखी हवं होतं.

ऑटोत बाबांनी विचारलं, "झालं समाधान?"

"नाही."

"माह्यंबी नाही," ते म्हणाले.

ठराव वर पाठवला. उत्तर आलं नाही. पुढे सिगरेटचे भाव वाढले. त्यातलं किती बचावाच्या कामाला लागलं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. बाबांनी सिगरेट सोडली, आणि ते विडीवर जाऊ नयेत म्हणून आईने पहारा दिला.

मी शहपुऱ्याला नोकरीवर होतो तेव्हा बाबांचा फोन आला. पेन्शनच्या कामासाठी ते जुन्या कार्यालयात गेले होते. वाक्यावाक्याला थांबत सांगत होते.

"त्या सभेतल्या शिपायानं तिथल्या साऱ्या पोट्ट्यांले शिकवून ठेवलं. आता कोणी सिगरेट आणून देत नाही. साहब, ठराव हुआ है, म्हणतात."

"मग नवा साहेब काय करतो?"

"सोताच उतरून राहिला. काडीपेटी त्याच्याजवळबी नसते. सुतळीवर पेटवते अन् लोकायसमोर न ओढता जिना चढते. मी खाली बाकावर बसून पाह्यलं." बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. "अर्ध्यात दम लागून थांबते तो. वर पोचेस्तोवर इझते त्याची."