खिळ्यावरचा कप

माझ्या वडिलांना त्यांच्या भागीदाराने फसवले. लालबागमधले दोघांचे चहाचे दुकान त्याने एकट्याने गिळले आणि वडील रिकाम्या हाताने कणकवलीला परतले. हे मी लहानपणापासून काकांच्या तोंडून ऐकत आलो. काका तेव्हा त्याच दुकानात कपबश्या विसळायचे. पुढे काजूच्या धंद्यात मी स्वतःच्या जिवावर उभा राहिलो, पण ही सल गेली नाही. शेवटी काकांकडचा जुना फोटो घेऊन मुंबई गाठली. जागा शोधायची आणि तिथे जो बसला असेल त्याला जाब विचारायचा, एवढाच बेत.

फोटोत वडील आणि तो भागीदार, तात्या, दुकानाच्या पायरीवर उभे आहेत. पाटी अर्धी कापली गेली आहे. इमारतीचा कोपरा तिरका छाटलेला, वर लाकडी कठड्याची गॅलरी, दाराबाहेर खिळ्याला टांगलेला एक कप.

दादरला पहाटे उतरलो. टॅक्सीवाल्याशी घासाघीस करून लालबागच्या अलीकडे, परळला उतरलो. तिरक्या कोपऱ्याची पहिलीच इमारत दिसली आणि मी खालच्या औषधवाल्यावर घसरलो. त्याने फोटो नीट पाहिला.

"अंकल, आमची बिल्डिंग तुमच्यापेक्षा तरुण आहे. आधी जागा शोधा, मग भांडा."

गिऱ्हाइके हसली. मी माफी न मागता निघालो.

तिथून चालत लालबागमध्ये शिरलो. मसाला कुटणाऱ्या डंखांचा दणदणाट, हवेत मिरचीचा खाट, शिंकून शिंकून जीव नकोसा झाला. एका खानावळीत बांगड्याचे तिखले आणि भात जेवलो. घरच्यापेक्षा चांगले होते, पण मालकाला तसे सांगितले नाही.

जेवून बाहेर आलो आणि पुढच्या गल्लीच्या तोंडाशी तसाच कोपरा दिसला. गॅलरीला पत्रे ठोकलेले, खाली मोबाइलचे दुकान. सकाळच्या फजितीमुळे तोंड आवरले. दुकानदाराने समोरच्या चाळीतल्या बाईंकडे पाठवले. निवृत्त मुख्याध्यापिका, जन्म इथलाच.

बाईंच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. मी फोटो पुढे केला, त्यातले माझे वडील दाखवले, कोपरा दाखवला, गॅलरी दाखवली. त्यांनी चष्मा लावला आणि बोट नेमके कपावर ठेवले.

"हेच दुकान. हा आमचा कप."

मला कळले नाही. त्यांनी समजावून सांगितले. चाळीच्या या बाजूच्या लोकांनी बाहेर उभे राहायचे. खिळ्यावरचा कप काढायचा. माझे वडील वरून चहा ओतायचे, किटली कपाला लागू द्यायचे नाहीत. पिऊन झाले की कप स्वतः धुवायचा आणि पुन्हा खिळ्याला लावायचा.

"आणि तात्या?" मी विचारले.

"तात्यांनी एक दिवस खिळाच उपटला. माझ्या वडिलांना आत बाकावर बसवून चहा दिला. तुमचे वडील म्हणाले, आता हे दुकान बाटलं. गल्ला तसाच टाकून पायऱ्या उतरले, ते परत आले नाहीत. तात्यांनी दोनदा माणूस पाठवला बोलवायला."

ज्याला जाब विचारायला आलो होतो, त्याच्याविरुद्ध एक शब्द उरला नाही. बाईंनी चहा आणला, त्यांच्या आणि माझ्या हातात एकसारखे कप. खाली मान घालून प्यालो. उठलो आणि कप घेऊन मोरीकडे निघालो.

"अहो, ठेवा तो," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे पाहुण्याला कप धुवायला लावत नाहीत."

परतीच्या गाडीत फोटो पिशवीतून काढला नाही. सौद्यात मला कोणी फसवले नाही याचा मला गर्व आहे. घरात मात्र जन्मभर खोटा माल विकत घेत आलो.

वडील उत्तर द्यायला नाहीत. काका, तुम्ही आहात. तुम्ही त्या दुकानात सगळ्यांच्या कपबश्या विसळल्यात, तो एक सोडून. तात्यांना चोर ठरवून तुम्ही आम्हाला वाढवलेत. रविवारी मी येतोय, मुलांना घेऊन. त्यांच्यासमोर सांगा, असे का केलेत?